कॉलमवरून उतरवलेली अँटिबॉडी गढूळ होते किंवा मरते, तेव्हा नेमकं कुठे बघायचं

तक्रार दर वेळी त्याच छापाची असते. हायब्रिडोमाचं (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचं) सुपरनेटंट, म्हणजे पेशींवरचा द्रव, इलायझात (अँटिबॉडी अँटिजेनला चिकटते का ते मोजणाऱ्या चाचणीत) झकास चालतंय, मग ती शुद्ध करायला प्रोटीन जी चा कॉलम लावला (रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं, आयजीजी वर्गाची अँटिबॉडी धरणारं प्रोटीन), आम्लाच्या ग्लायसिन बफरने पीएच २.७ ला उतरवलं, पीक छान आला, जेलवर ५० आणि २५ किलोडाल्टनचे (जड आणि हलक्या साखळीचे) बँड एकदम स्वच्छ, पाठीवर थाप मारून घेतली आणि ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ट्यूब दुधाळ. किंवा त्याहून वाईट म्हणजे ट्यूब काचेसारखी स्वच्छ, २८० नॅनोमीटरचं (प्रोटीन किती ते सांगणारं) रीडिंगही भरपूर, पण इलायझात सिग्नल कुठच्या कुठे खाली. मग लोक विचारतात, सौम्य इल्यूशन बफर (कॉलमवरून अँटिबॉडी उतरवणारा द्रव) कोणता?

प्रश्न चुकीचा नाहीये, पण तो उशिरा विचारलेला आहे. बफर किती कडक लागणार हे रेझिनने अँटिबॉडी किती घट्ट धरलीय त्यावर असतं, म्हणजे ते रेझिन निवडलं आणि बाइंडिंग बफर बनवला तेव्हाच ठरून गेलेलं असतं. इल्यूशनच्या दिवशी तुमच्या हातात फार थोडं उरतं. आणि त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे आम्लानेच मारलं हे कशावरून? बऱ्याचदा आम्ल बिचारं निर्दोष असतं आणि भलतंच काहीतरी झालेलं असतं.

तर आधी आम्लाची चौकशी. याला कॉलम लागत नाही. ज्या सुपरनेटंटवर तुमचा विश्वास आहे त्यातलं १०० मायक्रोलिटर घ्या, त्यात ९०० मायक्रोलिटर तुमचा ग्लायसिन बफर घाला, पीएच स्ट्रिपवर एक थेंब टाकून खरंच तीनच्या खाली गेलंय का बघा (मीडियात बायकार्बोनेट असतं, सीरमही थोडं आम्ल खातं, म्हणून बघायचं), पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग आम्ल न्यूट्रल करायला १०० मायक्रोलिटर १ मोलर ट्रिस पीएच ९ घाला. शेजारी कंट्रोल म्हणून तोच ९०० मायक्रोलिटर ग्लायसिन आणि १०० ट्रिस आधी एकत्र करून ठेवा आणि शेवटी त्यात सुपरनेटंट घाला. दोन्ही ट्यूबमध्ये सगळं सारखंच, फक्त क्रम उलटा, एकीतल्या अँटिबॉडीने आम्ल पाहिलं, दुसरीतल्या अँटिबॉडीने नाही. आता दोघींचा इलायझा करा पण एका डायल्युशनवर करू नका, दुपटीच्या डायल्युशनची पूर्ण रांग लावा, कारण प्लेट सॅच्युरेट झालेली असेल तर अर्धी अँटिबॉडी मेली तरी रीडिंग तेच येतं आणि आपण खुशीत राहतो.

दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर आम्लाने बाइंडिंग मारलेलं नाही, दुसरीकडे बघा. आम्लवाली रेषा डावीकडे, म्हणजे कमी डायल्युशनकडे, सरकली तर चोर सापडला. एक मात्र ध्यानात असू द्या, सुपरनेटंटमध्ये अँटिबॉडी पातळ असते आणि आजूबाजूला अल्ब्युमिनचा भरपूर आधार असतो, कॉलमच्या पीकमध्ये ती एकटी आणि दाट असते. म्हणून ही चाचणी "मेली का" याचं उत्तर देते, "गढूळ होईल का" याचं देत नाही. गढूळपणाचा हिशोब वेगळा आहे, खाली येतोच.

आता आम्ल निर्दोष सुटलं असेल तर काय काय असू शकतं. पहिला संशयित गाय. १० टक्के फीटल बोवाइन सीरममध्ये वाढवलेल्या हायब्रिडोमाच्या सुपरनेटंटमध्ये तुमची अँटिबॉडी साधारण मिलिलिटरला १० ते १०० मायक्रोग्रॅम असते, आणि त्या सीरममधलं गाईचं आयजीजी कधीकधी त्याच पातळीला येऊन बसतं. प्रोटीन जी गाईचं आयजीजी अगदी आवडीने धरतं. मग जेलवर ५० आणि २५ चे बँड स्वच्छच दिसणार, गाईच्या आयजीजीलाही जड साखळी आणि हलकी साखळी असतेच ना, जेलला काय कळणार कोणाची आहे ती. २८० वर भरपूर, इलायझात कमी, आणि आपण म्हणतो अँटिबॉडी मेली. ती मेली नाही, तिच्यात भेसळ आहे. डॉट ब्लॉट करा (मेंब्रेनवर मालाचा थेंब टाकून अँटिबॉडीने ओळखायचं), एक अँटि-माऊस, एक अँटि-बोवाइन, अर्ध्या दिवसात निकाल. उपाय म्हणजे शेवटच्या वाढीला लो-आयजीजी सीरम किंवा सीरम-फ्री मीडिया. प्रोटीन एल गाईचं आयजीजी धरत नाही, त्यामुळे तो एक रस्ता आहे, पण तो फक्त कॅपा हलक्या साखळीच्या काही उपप्रकारांनाच धरतो आणि उतरवायला पुन्हा आम्लच लागतं, म्हणजे सौम्यतेच्या दृष्टीने हाती काही लागलं नाही.

दुसरा संशयित अझाइड. बुरशी नको म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घातलं आणि नंतर त्याच अँटिबॉडीला एचआरपी (इलायझात रंग आणणारं एन्झाइम) जोडलं किंवा अझाइडवाल्या बफरमध्येच एचआरपीचं काम केलं तर एचआरपी बंद पडतो, अँटिबॉडी बिचारी ठणठणीत असते. तिसरा संशयित लेबलिंग. ग्लायसिन आणि ट्रिस दोघांनाही प्रायमरी अमाइन आहे, एनएचएस-एस्टरचा डाय किंवा बायोटिन लावायला गेलात तर तो आधी त्यांनाच चिकटतो कारण ते शंभरेक मिलिमोलर आहेत आणि तुमची अँटिबॉडी मायक्रोमोलरमध्ये. लेबल लागलं नाही म्हणजे अँटिबॉडी बिघडली असं नाही, डायलिसिस (बफर बदलणं) नीट झालेलं नाही.

हे सगळं तपासून झालं आणि आम्लच दोषी निघालं तर आता रेझिनकडे या.

प्रोटीन ए हे स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं प्रोटीन, ज्याने गळवं होतात तोच हा जंतू, आपल्या अँटिबॉडीला उलटं धरून निकामी करायची त्याची युक्ती. १९७२ मध्ये उप्सालाच्या मंडळींनी हेच प्रोटीन सेफारोजवर बसवून आयजीजी वेगळं करून दाखवलं, आणि पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी धंदा त्याच्यावरच चाललाय. पकड मुख्यतः आयजीजीच्या एफसी भागात (वाय आकाराच्या दांड्यात), सीएच२ आणि सीएच३ च्या सांध्यावर असते. तिथे ४३५ नंबरला हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) आहे, प्रोटीन ए च्या बाजूलाही एक हिस्टिडीन आहे, पीएच उतरला की दोघांवर धन भार येतो आणि ते एकमेकांना ढकलतात, म्हणून आम्लात सुटतं. माणसाच्या आयजीजी३ मध्ये त्या जागी बहुतेक वेळा आर्जिनीन असतं, म्हणून तो प्रोटीन ए ला चिकटतच नाही. म्हणजे आम्ल हे फक्त नासधूस करून सोडवत नाही, त्याला कारण आहे, आणि ते कारण किती पीएचला लागू होईल हे अँटिबॉडीगणिक बदलतं. इथेच सगळी मेख आहे.

उंदराचंच बघा. बहुतेक हायब्रिडोमा आयजीजी१ असतात. उंदराचं आयजीजी१ साध्या पीबीएस (फॉस्फेट सलाइन) ७.४ मध्ये प्रोटीन ए ला नीट चिकटत नाही, अर्धं फ्लो-थ्रूमध्ये (न चिकटता निघून जाणाऱ्या द्रवात) जातं, म्हणून लोक कंटाळून प्रोटीन जी कडे वळतात. प्रोटीन जी पकडतं छान, पण सोडायला २.५ ते २.७ मागतं. आणि मग म्हणायचं अँटिबॉडी नाजूक आहे! अहो, नाजूक अँटिबॉडीसाठी सैल पकड हीच तर सोय आहे. १९७८ सालीच दाखवून झालंय की प्रोटीन ए वर पीएच ८ ला उंदराचे सगळे आयजीजी बांधले आणि पीएच पायरीपायरीने उतरवला तर आयजीजी१ साधारण ६ च्या आसपासच सुटतं, आयजीजी२ए ४.५ ला, आयजीजी२बी ३.५ ला. पीएच ६! तिथे कुठली अँटिबॉडी मरते?

म्हणजे करायचं काय, तर आधी आयसोटायपिंग स्ट्रिप (अँटिबॉडी आयजीजी१ की दुसरी ते सांगणारी) लावा, दहा मिनिटांचं काम आहे आणि लोक तेच टाळतात. आयजीजी१ निघालं तर प्रोटीन ए च घ्या आणि बांधताना जोर लावा, १.५ मोलर ग्लायसिन, ३ मोलर सोडियम क्लोराइड, पीएच ८.९. सुपरनेटंटमध्ये हे आणताना कोरडं मीठ आणि ग्लायसिन हळूहळू ढवळत घाला, पीएच शेवटी सेट करा आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढूनच कॉलमवर टाका कारण इतक्या मिठात काहीबाही खाली बसतं. एवढ्या मिठात गाईचं आयजीजीही थोडं जास्त चिकटतं, म्हणून वरची लो-आयजीजी सीरमची गोष्ट इथेही लागू आहे.

आणि आता सगळ्यात जास्त माल जिथे वाया जातो ती जागा. बांधून झालं, फ्लो-थ्रू गेला, हात सवयीने पीबीएसच्या बाटलीकडे जातो. थांबा. वॉश त्याच मीठवाल्या बफरने करायचा. ज्या पीबीएसमध्ये ही अँटिबॉडी मुळात चिकटत नव्हती त्याच पीबीएसने कॉलम धुतला तर ती वॉशमध्येच उतरणार, आणि आपण वॉश सिंकमध्ये ओतून इल्यूशनची वाट बघत बसणार, २८० सपाट, मग "रेझिन खराब आलं" म्हणून सप्लायरला शिव्या. ज्यांचा माल असा हरवतो त्यांनी वॉशची बाटली तपासावी, बहुतेक वेळा तिथेच मिळतो. म्हणून आकडे हातात येईपर्यंत काहीच ओतून द्यायचं नाही.

बाकीच्या अँटिबॉडींसाठी नेमका कुठला पीएच पुरतो हे तुमच्या क्लोनवर बघावं लागतं, तक्त्यातून मिळत नाही. छोटी चाचणी अशी. रिकाम्या स्पिन कॉलममध्ये २०० मायक्रोलिटर बसलेलं रेझिन, अँटिबॉडी बांधा, धुवा. मग ०.१ मोलर सायट्रेट ६.०, मग ५.५, ५.०, ४.५, ४.०, ३.५, ३.० असं उतरत जा, प्रत्येक पायरीला ४०० मायक्रोलिटर, पाच मिनिटं थांबा, १०० जी वर हलकेच फिरवा (जोरात फिरवलं तर बीड्स सुकतात), आणि तीच पायरी पुन्हा एकदा. प्रत्येक ट्यूब लगेच न्यूट्रल करा, २८० वाचताना ब्लँक त्या त्या बफरचा घ्या, आणि प्रत्येकीचा इलायझा लावा. मग दिसतं की बराचसा माल समजा ४.५ ला निघाला, त्याचा इलायझा उत्तम, आणि ३.० ला जो थोडा निघाला तो अर्धमेला. मोठ्या कॉलमला मग ४.२ घ्यायचा, म्हणजे जिथे सुटतं त्याच्या जरासा खाली, कारण अगदी काठावर राहिलात तर पीक शेपटीसारखा लांबतो आणि दहा फ्रॅक्शनमध्ये पातळ होऊन येतो. शेवटचा पाच-दहा टक्के माल सोडून द्यायची तयारी ठेवा. तो घ्यायच्या हावेपायी सगळ्या मालाला आम्लात बुडवणं परवडत नाही.

इथे एक फसवा प्रकार सांगतो, खूप जण यात अडकतात. "सौम्य म्हणून ग्लायसिन पीएच ४ वापरलं, काहीच उतरलं नाही." ग्लायसिनचा आम्लाकडचा पीकेए (ज्या पीएचच्या आसपास बफर काम करतो तो आकडा) २.३५ आहे. ४ ला तो बफर म्हणून जवळजवळ काहीच काम करत नाही, मीटरवर ४ दिसतो पण कॉलममध्ये उरलेलं पीबीएस त्याला ढकलून वर नेतं आणि आतला पीएच ६ च्या खाली यायलाच तयार होत नाही. ४ ते ५.५ साठी अ‍ॅसिटेट घ्या, ३ ते ६ च्या पूर्ण रांगेसाठी सायट्रेट. ग्लायसिन फक्त ३ च्या आसपास आणि खाली. आणि आम्लाच्या बफरमध्ये मीठ घालू नका, कमी पीएचला मीठ असलं की अँटिबॉडी एकमेकींना जास्त चिकटतात, इल्यूशनच्या आधी शेवटचा वॉश शक्यतो कमी मिठाचा ठेवा (वरची आयजीजी१ वाली केस सोडून, तिथे अर्थातच नाही).

माणसाच्या किंवा ह्युमनाइज्ड अँटिबॉडीवर काम करणाऱ्यांसाठी एक मुद्दा. व्हीएच३ कुळातल्या अँटिबॉडी प्रोटीन ए ला एफसीशिवाय फॅबनेही (अँटिजेन धरणाऱ्या हातानेही) धरतात, त्यामुळे त्यांना उतरवायला जास्त खाली जावं लागतं. मॅबसिलेक्ट श्युअरसारख्या अल्कली सहन करणाऱ्या रेझिनमध्ये प्रोटीन ए च्या बी डोमेनवरून बनवलेला झेड डोमेन असतो, त्यात २९ नंबरच्या ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलनीन बसवलंय, आणि त्या एका बदलाने ही फॅबची पकड जवळपास जाते. म्हणजे जुन्या नेटिव्ह प्रोटीन ए वर जी अँटिबॉडी ३.२ मागत होती ती इथे त्याच्या वर सुटू शकते. कारखान्यात मात्र उलटी गंमत, तिथे व्हायरस मारायला म्हणून प्रोटीन ए नंतर मुद्दाम तासभर ३.५ च्या आसपास ठेवतात, आणि जी अँटिबॉडी ते सहन करत नाही ती औषध म्हणून पुढे जायलाच मुश्कील.

आता गढूळपणा. बहुतेक गढूळपणा कॉलममध्ये होत नाही, ट्यूबमध्ये होतो, आणि त्यात न्यूट्रलायझेशनचा हिशोब कोणी करत नाही हे मुख्य कारण. "दहावा भाग १ मोलर ट्रिस" हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे पण कशाचा दहावा भाग? ०.१ मोलर ग्लायसिन पीएच २.७ असेल तर एका मिलिलिटरला साधारण ३० मायक्रोमोल बेस लागतो. १ मोलर ट्रिस पीएच ८ मध्ये बेसच्या रूपात अर्ध्याहून कमी असतं, १०० मायक्रोलिटरमध्ये ४४ मायक्रोमोल, म्हणजे पुरतं, पीएच ७.२-७.३ ला येतो. पण तुम्ही ग्लायसिन २.५ चं केलंत तर लागणारा बेसही ४४ च्या आसपास जातो आणि तोच दहावा भाग तिथेच संपतो, ट्यूब आम्लातच राहते आणि रात्रभर फ्रिजमध्ये अँटिबॉडी त्यात भिजत पडते. सकाळी दुधाळ. म्हणून ट्रिस ९ चा ठेवा.

सायट्रेटचं तर त्याहून भारी. सायट्रेटला तीन आम्ल गट आहेत, ०.१ मोलर सायट्रेट ३.५ पासून ७.४ ला आणायचं तर मिलिलिटरला २०० मायक्रोमोलच्या वर बेस लागतो, म्हणजे १ मोलर ट्रिस पीएच ९ चे ३०० मायक्रोलिटरहून जास्त. दहावा भाग घातला तर पीएच ५ पर्यंतसुद्धा धड येत नाही. सायट्रेट वापरणाऱ्यांनी एकतर ५० मिलिमोलर करा, किंवा ट्रिसचा आकडा आधी अँटिबॉडीशिवायच्या बफरवर घालून ठरवून घ्या, मीटर समोर ठेवून, पाच मिनिटं लागतात.

ट्रिसचा तापमानाचा खेळही इथेच नडतो. डिग्रीमागे ०.०२८ ने त्याचा पीएच उलटा सरकतो. मे महिन्यात एसी बंद असलेल्या लॅबमध्ये ३५ डिग्रीला ८.० सेट केलेलं ट्रिस कोल्ड रूममध्ये ४ डिग्रीला जवळजवळ ८.९ होतं. ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला सेट करा, आणि बाटलीवर पीएचसोबत तापमानही लिहा. बाकी आम्लातलं इल्यूशन थंडीत केलेलं बरं, उलगडणं आणि गोळा होणं दोन्ही हळू होतं, फक्त आयजीएम आणि थंडीत साका धरणाऱ्या काही अँटिबॉडी याला अपवाद.

ट्रिस ट्यूबमध्ये आधीच घालून ठेवायचं, थेंब त्यात पडले पाहिजेत, नंतर घालू म्हणून फ्रॅक्शन रांगेत उभे करायचे नाहीत. थेंब पडताना ट्यूबमध्ये पारदर्शक लाटा दिसतात, साखर पाण्यात विरघळताना दिसतात तशा, त्याला घाबरू नका, दोन द्रवांची घनता वेगळी आहे म्हणून दिसतं ते. ट्यूब दोन-तीनदा हळूच उलटी केली की लाटा जातात. उलटी करूनही जर धूसर राहिलं, दिव्यासमोर धरल्यावर धुकं दिसलं, तर तो गोळा झालेला माल आहे. व्हॉर्टेक्स करू नका, फेसाच्या पृष्ठभागावर आणखी बिघडतं.

धुकं डोळ्यांना दिसायच्या आधी मशीनला दिसतं. २८० सोबत ३५० वाचा. अँटिबॉडी ३५० ला काही शोषत नाही, तिथे जे काही दिसतंय ते प्रकाश विखुरणं आहे, म्हणजे गोळे. तेच विखुरणं २८० लाही भर घालतं, त्यामुळे गढूळ ट्यूबचं कॉन्सन्ट्रेशन नेहमी फुगलेलं येतं. १४,००० जी ला दहा मिनिटं फिरवून वरचं पुन्हा वाचा, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम आयजीजीला १.४ धरा, तो खरा आकडा. एसडीएस जेलवर हे गोळे शोधू नका, एसडीएस आणि उकळणं त्यांना सोडवून टाकतं, सुपरडेक्स २०० सारखा साइझ कॉलम (आकारानुसार वेगळं करणारा) असेल तर उत्तम.

न्यूट्रल केल्यावरच गढूळ होत असेल, आम्लात स्वच्छ आणि ७ च्या आसपास आलं की धुकं, तर अँटिबॉडीचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (जिथे तिचा एकूण भार शून्य होतो तो पीएच) तिथेच कुठेतरी असू शकतो. मग ७.४ लाच आणलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? ५.५ ला थांबा, हिस्टिडीन किंवा अ‍ॅसिटेटमध्ये ठेवा. बाजारातल्या बहुतेक अँटिबॉडी औषधांचं फॉर्म्युलेशन ५ ते ६.५ च्या दरम्यानच असतं, ते काय वेडे आहेत का. किंवा ट्रिस बाजूला ठेवून इल्यूशन झाल्या झाल्या पीडी-१० या छोट्या कॉलमवरून बफर बदला, २.५ मिलि टाका, ३.५ मिलि काढा, काही मिनिटांत मीठ-आम्ल मागे राहतं.

आणि दाटपणा. एवढासा कॉलम, त्यावर क्षमतेइतका माल, मग मधल्या एका फ्रॅक्शनमध्ये मिलिलिटरला १०-२० मिलिग्रॅम एकदम उतरतात, तेही आम्लात. तिथेच गोळे बनतात. रेझिन थोडं जास्त घ्या किंवा माल कमी टाका, पीक रुंद आला तर येऊ दे. नंतर सेंट्रिफ्यूगल फिल्टरने दाट करता येतं, पण तिथेही एका दमात फिरवायचं नाही, मेंब्रेनजवळचा थर खूप दाट होतो, मधे थांबवून पिपेटने हलकं ढवळायचं.

आम्ल अजिबातच चालत नाही अशी अँटिबॉडी असेल तर? आर्जिनीन बघा. २००४ मध्ये हे छापून आलं की २ मोलर आर्जिनीन पीएच ४.१ ते ४.३ ला प्रोटीन ए वरून अँटिबॉडी सोडवतं, जिथे सायट्रेट तेवढ्याच पीएचला अडकून बसतं, आणि आर्जिनीन स्वतःच गोळे होऊ देत नाही हा वरचा फायदा. महाग वाटेल, पण वाया गेलेल्या हायब्रिडोमाच्या दोन महिन्यांपुढे काहीच नाही. टी-जेल म्हणजे थायोफिलिक रेझिन हा दुसरा पर्याय, अर्धा मोलर पोटॅशियम सल्फेटमध्ये बांधायचं आणि सल्फेट काढून घेतलं की न्यूट्रल पीएचलाच सुटतं. शुद्धता प्रोटीन ए सारखी नाही येत, सीरममधलं इतरही काही सोबत येतं, पण अंड्यातलं आयजीवाय (कोंबडीची अँटिबॉडी), जे प्रोटीन ए आणि जी दोघांनाही दाद देत नाही, तेही यावर चालतं. स्टॉकहोमच्या केटीएच या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये प्रोटीन ए चा डोमेन असा बदलून दाखवला की कॅल्शियम असलं की धरतो आणि ईडीटीए (कॅल्शियम खेचून घेणारं) दिलं की सोडतो, कल्पना फार सुंदर आहे, फक्त तिथे फॉस्फेट बफर चालणार नाही कारण कॅल्शियम फॉस्फेट खाली बसेल.

पेप्टाइड किंवा अँटिजेन लावलेल्या कॉलमवर सशाच्या पॉलिक्लोनल काढणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे जितकी चांगली अँटिबॉडी तितकी ती घट्ट, त्यामुळे सौम्य बफरने फक्त सुमार माल निघतो आणि उत्तम माल कॉलमवरच राहतो. ३ ते ३.५ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड न्यूट्रलच्या जवळ चालतं, पण आधी कॉलममधलं पीबीएस ट्रिस सलाइनने पूर्ण काढा आणि नंतरचं डायलिसिसही आधी ट्रिस सलाइनमध्येच करा, नाहीतर मॅग्नेशियम फॉस्फेटचा साका बसतो आणि तो बघून लोकांना वाटतं अँटिबॉडीच बसली. सौम्य बफरला वेळ द्यावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात. एक कॉलम व्हॉल्यूम आत घ्या, नळी बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, मग पुढचं घ्या. वाहत्या बफरला जे सुटत नाही ते थांबलेल्या बफरला बरंच सुटतं.

एकदा तरी हे करून बघा, इल्यूशननंतर २० मायक्रोलिटर रेझिन सॅम्पल बफरमध्ये उकळून जेलवर चालवा. तिथे जाड बँड दिसला तर माल रेझिनवरच बसलाय, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या क्लोनमध्ये मिसळून येणार. म्हणून एका अँटिबॉडीला एक कॉलम, निदान एका क्लोनला तरी. सौम्य इल्यूशन करणाऱ्यांनी शेवटी माल बाजूला काढल्यावर कॉलम पीएच २.५ ने धुऊन लगेच न्यूट्रल करायची सवय ठेवावी. खोल साफसफाईला जुन्या नेटिव्ह प्रोटीन ए वर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालू नका, तिथे ६ मोलर ग्वानिडीन. अल्कलीवाल्या रेझिनला ०.१ ते ०.५ मोलर कॉस्टिक चालतं, पण त्या रेझिनचं पत्रक वाचूनच. ठेवायचं २० टक्के इथेनॉलमध्ये २ ते ८ डिग्रीला, फ्रीझरमध्ये कधीच नाही, बीड्स फुटतात.

आणि शेवटी ट्यूब उणे २० मध्ये टाकण्याआधी बफर काय आहे ते बघा. सोडियम फॉस्फेट गोठताना डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाजूला पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच खाली घसरतो, म्हणजे कॉलमवर वाचवलेल्या अँटिबॉडीला फ्रीझरमध्ये पुन्हा आम्लाची अंघोळ. छोट्या छोट्या अलिक्वॉट करा, ५० टक्के ग्लिसरॉल घातलं तर उणे २० ला गोठतच नाही, आणि जी पुढच्या महिन्याभरात वापरणार आहात ती सरळ ४ डिग्रीला ठेवा.